पाळणा लांबला की घराचं गणित बदलतं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. भारताने १९५२ पासून सरकारी पैशाने कुटुंब नियोजन राबवलं, लोकसंख्या म्हणजे संकट असं दोन-तीन पिढ्यांना बजावलं, आणि आता त्याच लोकसंख्येला 'लाभांश' म्हणतात. मग तो सगळा खर्च चुकलाच म्हणायचा का? आणि फायदा झालाच असेल, तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो मोजायचा कसा? असं तुम्ही विचारलंय.

मी अर्थतज्ज्ञ नाही. १९८६ साली मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. पुढे तालुका, मग जिल्हा, असं करत एकतीस वर्षं याच कामात गेली. या विषयाचे हिशेब मात्र भरपूर लिहिले, आणि खोटे हिशेब कसे तयार होतात तेही शेजारच्याच टेबलावर पाहिलं. त्यामुळे उत्तर पुस्तकातून कमी आणि रजिस्टरातून जास्त येईल.

आधी 'संकट की लाभांश' ही गाठ सोडवू. लाभांश लोकसंख्येतून निघत नाही, तो जन्मदर उतरण्यातून निघतो. १९७१ च्या जनगणनेत दर १०० माणसांमागे सुमारे ४२ जण पंधरा वर्षांच्या आतले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (पाचव्या फेरीत) हे प्रमाण २६-२७ वर आलं. म्हणजे कमावत्या वयाच्या माणसामागे खाणारी लहान तोंडं कमी झाली. आजचे तरुण हे जन्मदर जास्त असतानाचे, आणि त्यांची मुलं जन्मदर उतरल्यानंतरची. या दोन गोष्टी याच क्रमाने घडल्या तरच मधल्या तीस-चाळीस वर्षांत घराच्या आणि सरकारच्या हातात चार पैसे उरतात. पूर्व आशियातल्या देशांच्या झेपेचा साधारण तिसरा हिस्सा या वयोरचनेच्या बदलातून आला असावा, असा अंदाज ब्लूम आणि विल्यमसन या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये मांडला होता. बाईमागे सरासरी मुलं पूर्वीसारखी सहाच राहिली असती तर तरुण आजही असतेच, उलट जास्त असते, पण प्रत्येकाच्या कडेवर एक आणि बोटाला दोन अशी स्थिती असती. तेव्हा लाभांश म्हणवणारे आणि पूर्वी भिंतींवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवणारे एकमेकांना खोडत नाहीत. एकाने पेरलं ते दुसरा मळणीच्या वेळी मोजतोय. पेरणीतलं किती सरकारचं आणि किती पावसाचं, हा खरा वाद आहे.

इथे 'तरीही आपण चीनच्या पुढे कसे गेलो' हा प्रश्न हमखास येतो, म्हणून एका वाक्यात सांगते: एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.० वर आला तरी आधीच्या मोठ्या पिढ्या लग्नाच्या वयात येतच राहतात, त्यामुळे संख्या आणखी काही दशकं वाढत जाते. त्यात धोरण फसल्याचा पुरावा शोधू नका.

आता सरकार किती आणि पाऊस किती. ते परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि मी ते पळवाट म्हणून म्हणत नाही. ज्या गावात पाचातली दोन मुलं दगावतात तिथे बाईला 'दोनच पुरे' सांगणं म्हणजे तिची थट्टा करणं. मुलगी दहावीपर्यंत टिकली की लग्न पुढे जातं, लग्न पुढे गेलं की पहिलं बाळंतपण पुढे जातं, तिथे आरोग्य खात्याने काहीही न करता अर्धं काम झालेलं असतं. म्हातारपणी बघायला मुलाशिवाय कोणी नसेल तर मुलगा होईपर्यंत पाळणा हलत राहणारच. त्या घरापुरती वृद्धांची पेन्शन ही कुटुंब नियोजनाचीच योजना असते. १९७४ साली बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत आपले तेव्हाचे आरोग्यमंत्री करण सिंग 'विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक' असं म्हणून आले. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनीच मांडलेल्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणात शिक्षण आणि विकासाची वाट बघत बसणं व्यवहार्य नाही असा सूर होता. मला दोन्ही म्हणणी अर्धी खरी वाटतात. दुसऱ्या अर्ध्याची अंमलबजावणी आपण कशी केली, ते पुढे येईलच.

धोरणाचा स्वतःचा वाटा वेगळा काढून दाखवणारा, माझ्या माहितीतला सगळ्यात स्वच्छ पुरावा आपल्याकडचा नाही, बांगलादेशातला आहे. चांदपूर जिल्ह्यातल्या मतलब भागात १९७७ च्या ऑक्टोबरात एक प्रयोग सुरू झाला. साधारण अर्ध्या गावांत गावातल्याच बायका कार्यकर्त्या म्हणून दर पंधरवड्याला घरोघरी जायच्या, गर्भनिरोधक साधनं दारात द्यायच्या आणि त्रास होतोय का ते विचारायच्या. उरलेल्या अर्ध्यांत नेहमीची सरकारी सेवा. शेती, नदी, धर्म, गरिबी दोन्हीकडे सारखीच. जवळजवळ वीस वर्षांनी तुलना केली तेव्हा प्रयोगाच्या गावांत जन्म सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते. पण मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या बायकांची तब्येत बरी होती, नोकरी करणाऱ्यांची कमाई जास्त होती, मुलं जास्त जगली होती, घरात चीजवस्तू जास्त होत्या, आणि कित्येक घरांच्या आवारात पाण्याची सोय झाली होती. साधन आलं दारातून आणि पाणी आलं अंगणात, इतका लांबचा हा धागा आहे. कोणावर सक्ती नव्हती, आणि देश त्या वेळी आपल्यापेक्षा गरीब होता.

त्या कार्यकर्त्यांकडे काय होतं ते लक्षात ठेवा: गोळ्या, निरोध आणि तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. यातलं इंजेक्शन तिथल्या बायकांनी सर्वांत जास्त उचललं. घरात कोणाला दाखवावं लागत नाही, रोज आठवण ठेवावी लागत नाही. आपल्या सरकारी दवाखान्यात तेच इंजेक्शन 'अंतरा' नावाने यायला २०१७ उजाडलं. मधली चाळीस वर्षं आपल्या सरकारी कार्यक्रमाचा सगळा भार एकाच गोष्टीवर होता: बाईचं ऑपरेशन.

याचं कारण आमच्या हिशेबात होतं. तुम्ही आर्थिक फायदा मोजायला निघालाय, म्हणून हा हिशेब नीट समजून घ्या. आम्हाला वर्षाचं टार्गेट असायचं. शस्त्रक्रिया इतक्या, तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) इतक्या, गोळ्यांची पाकिटं इतकी. प्रत्येक साधनामागे ठरावीक 'जोडपे-संरक्षण वर्षं' धरायची, म्हणजे ते साधन जोडप्याला किती वर्षं गर्भधारणेपासून वाचवेल ती, त्यातून 'टळलेले जन्म' काढायचे, आणि टळलेल्या जन्माला मुलामागे येणाऱ्या सरकारी खर्चाने गुणलं की देशाची बचत तयार. ऑपरेशनला सर्वांत जास्त वर्षं मिळायची, म्हणून सगळं यंत्र ऑपरेशनमागे. मार्च जवळ आला की आमच्या केंद्राचा बाजार व्हायचा. ग्रामसेवकाला केस हवी, शाळेतल्या गुरुजींना केस हवी, आमच्या सिस्टरला तर हवीच. एकदा एकाच बाईच्या नावावर तिघांनी हक्क सांगितला. ती बिचारी बाकावर पदर तोंडात धरून बसलेली आणि हे तिघे माझ्यासमोर 'मी आणली, मी आणली' करून भांडतायत. तिचं वय एक्केचाळीस, मुलं सहा, आणि पाळी गेलं वर्षभर अनियमित. तिच्या ऑपरेशनने टळलेले जन्म बहुधा शून्य. कागदावर मात्र ती देशाची मोठीच बचत करून गेली.

गंमत म्हणजे खरी माहिती आमच्याकडे होती. उपकेंद्रात पात्र जोडप्यांचं, म्हणजे बाई मूल होण्याच्या वयात असलेल्या जोडप्यांचं, रजिस्टर असतं. त्यात नवरा-बायकोचं वय, हयात मुलगे, हयात मुली आणि शेवटच्या अपत्याचं वय असे रकाने असतात. हा शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्या कार्यक्रमाचा प्राण आहे, कारण दोन मुलांतलं अंतर त्यातून कळतं. पण आमच्या केंद्रातून वर जायच्या मासिक अहवालात अंतराला जागा नव्हती. जे वर जात नाही ते खालीही कोणी बघत नाही. १९९६ मध्ये टार्गेट अधिकृतपणे बंद झालं, पण सवय जायला आणखी पुष्कळ वर्षं लागली. आमच्या तालुक्यात त्याला 'अपेक्षित कामगिरी' म्हणू लागले, एवढाच फरक.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं: फायदा शोधायचा तर 'किती मुलं झाली नाहीत' तिथे शोधू नका. 'मुलं कधी झाली, किती अंतराने झाली आणि ते कोणी ठरवलं' तिथे शोधा.

एक घर सांगते. नावगाव सांगत नाही. साल १९९० च्या आसपासचं, मजूर कुटुंब. बाईचं लग्न सोळाव्या वर्षी, सतराव्या वर्षी पहिली मुलगी, मग दीड-दोन वर्षांच्या अंतराने आणखी तीन बाळंतपणं. त्यातला एक मुलगा वर्षाच्या आत गेला. बाविसाव्या वर्षी ऑपरेशन. आमच्या हिशेबात ही आदर्श केस: वय कमी, संरक्षण वर्षं भरपूर. घराचा हिशेब वेगळा होता. सतरा ते बावीस या वयात ती कधी पोटुशी, कधी अंगावर पाजणारी. खुरपणी आणि कापूस वेचणी हे आमच्याकडे बायकांच्या कमाईचे मोसम, ते एकामागून एक तिच्या हातून गेले. रक्त कायम कमी, त्यामुळे कामावर गेली तरी अर्ध्या दिवसात बसायची. दवाखान्याची उधारी. आणि थोरली मुलगी, जिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती, तिच्या कमरेवर कायम एक भावंड. शाळेच्या पटावर नाव होतं. हजेरी विचारू नका. ऑपरेशनने चौथ्यानंतरचं मूल टळलं, पण जे नुकसान व्हायचं ते पहिल्या पाच वर्षांतच होऊन गेलं होतं.

तीच थोरली वीस वर्षांनी बाळंतपणाला आमच्याकडे आली. पहिलटकरीण नव्हती, दुसरी खेप. पहिल्यानंतर सिस्टरने तिला तांबी बसवली होती आणि मध्ये चार वर्षांचं अंतर पडलं होतं. हे वाचायला गोड वाटतं, पण पहिले तीन महिने त्या तांबीने तिला चांगलंच सतावलं. अंगावरून जास्त जात होतं, सासू 'काढून टाक' म्हणून मागे लागली होती. आमची सिस्टर तीन खेपा तिच्या घरी गेली. एकदा गोळ्या दिल्या, एकदा नुसती सासूशी बोलून आली, एकदा तपासून दोरा जागेवर आहे ते सांगून आली. चौथ्या महिन्यात त्रास थांबला. मधल्या चार वर्षांत तिने बचत गटातून कर्ज काढून शेळ्या घेतल्या, त्यातली एक मेली, दोन टिकल्या, आणि वेचणीचा एकही मोसम बुडाला नाही. मोठं काही झालं नाही. ती श्रीमंत झाली नाही. पण घरात पैसा येण्यात खंड पडला नाही, आणि मोठ्या मुलाला बालवाडीत घालायला हात मोकळा होता. जागतिक आरोग्य संघटना एका बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा किमान दोन वर्षं तरी नको म्हणते, ते बाळाच्या आणि आईच्या जिवासाठी. माझं निरीक्षण असं की त्या दोन वर्षांची किंमत रोजंदारीच्या दिवसांतही मांडता येते.

इथे एक मुद्दा मी मुद्दाम रेटते, कारण धोरणाचं अंदाजपत्रक मांडणारे तो हमखास विसरतात. तांबी फुकट होती. महाग होत्या त्या तीन खेपा. सिस्टरचा पगार, तिचा वेळ, तिच्या गाडीतलं पेट्रोल आणि तिला सासूशी बोलता येणं. १९६५ साली देशात मोठा गाजावाजा करून लूप आणला, तांबीच्या आधीचा प्लॅस्टिकचा. तो बसवला लाखोंना. रक्तस्राव झाला की विचारायला कोणी नाही. दोन-तीन वर्षांत त्याचं नाव इतकं खराब झालं की मी नोकरीला लागले तेव्हाही म्हाताऱ्या बायका तांबीला 'तो लूपच ना' म्हणून हात झटकायच्या. साधनावरचा खर्च धरला आणि पाठपुराव्यावरचा वगळला की फायदा कागदावर मोठा दिसतो आणि गावात उणे होतो.

सक्तीचाही आर्थिक हिशेब मांडा. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. पुढच्याच वर्षी आकडा दहा लाखांच्या आत कोसळला. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. लोक याबद्दल नैतिक अंगाने बोलतात, ते योग्यच आहे. पण तुमच्या विषयाच्या अंगाने बघा. पुरुषाची नसबंदी स्वस्त, सोपी, बिनटाक्याचीही होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. बाईच्या ऑपरेशनला पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. त्या एका वर्षाने पुरुष या कार्यक्रमातून पळाले ते आजतागायत परतले नाहीत. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बाईच्या नसबंदीवर असलेली जोडपी सुमारे ३८ टक्के आणि पुरुषाच्या नसबंदीवरची ०.३ टक्के. म्हणजे स्वस्त साधन मोडीत काढून महाग साधनावर पुढची पन्नास वर्षं आपण काढली, आणि त्याचा सगळा भार बायकांच्या पोटावर टाकला. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरांनंतर १३ बायका गेल्या, तेव्हा कुठे, २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. मी स्वतः एका शिबिरात एकाच दिवशी किती टेबलं चालतात ते पाहिलंय. तो आकडा लिहायला मला आजही लाज वाटते.

बरं, जन्मदर उतरला की पैसा आपोआप येतो का? नाही, आणि याबाबत आपला देशच मोठा धडा आहे. त्याच सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, जननदर ३.४ होता, पाचव्या फेरीत २.०. मुलं कमी झाली, म्हणजे बायका कामाला बाहेर पडल्या असतील, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण मधल्या काळात घसरत गेलं. २०१७-१८ च्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या बायकांत ते अवघं २३.३ टक्के होतं. २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेलं, पण त्या वाढीत स्वतःच्या शेतावरचं आणि बिनपगारी काम पुष्कळ आहे. बांगलादेशात कपड्याचे कारखाने उभे राहिले आणि मोकळे झालेले हात तिथे गेले. आमच्या तालुक्यात पंचविशीत ऑपरेशन झालेली बाई मोकळी होते, पण जाणार कुठे? बस दिवसाला दोन, पाळणाघर नाही, आणि तोवर शिक्षण सुटून दहा वर्षं झालेली. धोरणाने तिला वेळ दिला. तो वेळ वापरायला दुसऱ्या खात्यांनी काही दिलं नाही.

आणि वजाबाकीचा एक रकाना असा आहे की तो सोडून कोणी फायदा मांडला तर मी तो कागद बाजूला ठेवते. कुटुंब लहान झालं पण मुलग्याचा हट्ट लहान झाला नाही. दोनच मुलं आणि त्यात एक मुलगा हवाच, याचा अर्थ सोनोग्राफीच्या खोलीत काय होतो ते आम्ही पाहिलं. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा १९९४ पासून होता. छोट्या कुटुंबाची भिंत रंगवताना तिथे मुलगी आणि मुलगा असं चित्र काढायची पद्धत होती, पण त्या चित्रासाठी घराघरांत काय चाललंय याचा जाब कार्यक्रमाने स्वतःला फार उशिरा विचारला.

तुम्ही शेवटी विचारलंय की आता हे सगळं थांबवावं का. महाराष्ट्राचा जननदर पाचव्या फेरीत १.७ आहे. इथे 'दोनच पुरे' सांगायची गरज संपून बराच काळ झाला. सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र मागणारे २००५ चे नियम माझ्या मते कालबाह्य झालेत. आंध्र प्रदेशाने तर स्थानिक निवडणुकांमधली दोन अपत्यांची अट २०२४ मध्ये काढूनच टाकली. उलट बिहारमध्ये जननदर अजून ३.० होता, त्यामुळे देशाला एकच उत्तर नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ठरवताना लोकसंख्येच्या बाबतीतल्या कामगिरीला १२.५ टक्के भार दिला, तो का द्यावा लागला हे तुमच्या प्रबंधात जरूर घ्या. ज्या राज्यांनी जन्मदर उतरवला त्यांना डोकी कमी म्हणून पैसे कमी, हा काही न्याय नव्हे. पण कुटुंब नियोजन म्हणजे संख्या कमी करणं एवढाच अर्थ घेतला तरच ते थांबवायचा प्रश्न येतो. पाळणा लांबवायची इच्छा आहे आणि साधन नाही, अशी बाई प्रत्येक उपकेंद्राच्या यादीत आजही सापडते. २००७ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने नवदांपत्यांनी पहिलं मूल दोन वर्षं पुढे ढकललं तर पाच हजार रुपये देऊ केले होते. लोकांनी त्याला हनिमून पॅकेज म्हणून हसून घेतलं. मला ती गेल्या पन्नास वर्षांतल्या सर्वांत शहाण्या कल्पनांपैकी एक वाटते, कारण तिने पहिल्यांदा संख्येऐवजी वेळेला पैसे लावले.

आता मोजायचं कसं. कोपनहेगनच्या एका अभ्यासगटाचा आकडा तुम्हाला जागोजागी भेटेल: गर्भनिरोधनावर खर्च केलेल्या एका डॉलरमागे १२० डॉलर फायदा. आकडा खोटा नाही, पण त्यातला मोठा भाग पुढे उत्पन्न वाढेल या गृहीतकावर उभा आहे, आणि ते गृहीतक कुठे लागू पडतं नि कुठे नाही हे वर सांगितलंच. त्याऐवजी लहान प्रश्न घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी विद्यार्थ्यांना मागता येते, त्यात प्रत्येक बाईच्या बाळंतपणांची तारीखवार नोंद असते. एकाच जिल्ह्यातल्या, साधारण सारख्या शिक्षणाच्या आणि जमिनीच्या बायका घ्या. दोन वर्षांच्या आत दुसरं मूल झालेल्या एका बाजूला, तीन वर्षांनंतर झालेल्या दुसऱ्या बाजूला. आईचं रक्त किती, दुसरं मूल जगलं का, हे तिथे मिळेल; ती कामावर आहे का, हे मात्र थोड्याच बायकांना विचारलेलं असतं. एक सावधगिरी बाळगा: पहिलं मूल गेलं म्हणून दुसरं लवकर झालं, अशी घरं वेगळी काढा, नाहीतर कारण आणि परिणाम उलटे लागतील. थोरल्या मुलीची शाळा मात्र स्वतः गावात जाऊन विचारावी लागेल, पटावरून कळणार नाही.

आणि एखाद्या उपकेंद्रात जा. पात्र जोडप्यांचं रजिस्टर बघायला परवानगी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडून मिळते, नावं न उतरवण्याच्या अटीवर. शेवटच्या अपत्याच्या वयाचा रकाना नीट भरलेला असेल तर समजा की तिथली सिस्टर घरोघर फिरते. सगळीकडे 'दोन वर्षं, दोन वर्षं' असं एकाच पेनाने लिहिलेलं दिसलं, तर ते मार्चमध्ये बसून भरलंय. ती आकडेवारी घेऊ नका. लसीकरणाच्या दिवशी जाऊ नका, तेव्हा तिला मान वर करायला वेळ नसतो.